बाबांच्या उजव्या हाताला अस्वल

आमच्या घरची माणसं फार बोलतात, असा अमरावतीत आमचा लौकिक होता. लौकिक कसला, बदनामीच म्हणा. समोरच्या घरातली म्हातारी तर तोंडावर म्हणायची, “मास्तराच्या घरी तोंडाले कडी नाई.” आई बाजारातून आली की फाटकापासूनच सुरू व्हायची, “आली मी. पिशवी मधातच ठेवली हाय, उंबऱ्याच्या आत. उचलतेच आता.” मी शाळेतून आले की दप्तर कुठं टाकलं ते मोठ्यानं सांगायचे. रस्त्यानं तिघं निघालो की आई आणि मी आळीपाळीनं बोलत असायचो. “अगंबाई, केवढा खड्डा!” “गाय बसली गं आडवी.” “ते पाह्य, पोस्टमास्तर येऊन राहिले समोरून.” मग बाबा थांबून हात जोडायचे, “नमस्कार, नमस्कार, काय म्हणता?” पोस्टमास्तर खूश व्हायचे.

खोटं कशाला सांगू, आम्हाला बोलायची काही हौस नव्हती. आई तर मुळात अबोल बाई. अकोटजवळच्या खेड्यातली, माहेरी तिला मुकीच म्हणायचे. पण बाबांना दिसत नव्हतं, आणि ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून आम्ही बोलायचो.

अगदीच दिसत नव्हतं असंही नाही. डोळ्यामागचा पडदा कडेकडेनं सुकत चालला आहे, त्याला औषध नाही आणि ऑपरेशनही नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबा म्हणायचे, बांगडीतून पाहावं तेवढं दिसतं. म्हणजे नाकासमोरचं, तेही लख्ख उजेड असेल तर. बांगडीच्या बाहेर शून्य. दिवस कलला की तेवढंही मिटायचं.

बाबा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. भातकुलीकडच्या भिक्षुकी घरातले, लहानपणापासून सगळं तोंडपाठ, त्यामुळे पुस्तक हातात धरायचं ते फक्त शोभेला. मुलं आवाजावरून ओळखायचे. शाळा भरायच्या आधी सर्वांत पहिले पोचायचे, म्हणजे वाटेत कोणी मध्ये येत नाही. घरी पेपर तपासायचे तेव्हा आई कंदील जवळ ओढून एकेक उत्तर वाचायची आणि बाबा डोळे मिटून गुण सांगायचे. आईच्या वऱ्हाडी जिभेवर संस्कृतची काय दशा व्हायची ती विचारू नका! बाबा हसून म्हणायचे, “हा मुलगा चुकला की तू चुकलीस?” आई म्हणायची, “तो चुकला. मी कावून चुकू?” आणि बहुतेक वेळा तोच चुकलेला असायचा.

हे सगळं कळलं असतं तर शाळेनं बाबांना घरी बसवलं असतं. घर भाड्याचं, शेतीचा तुकडा काकांकडे, मी दहा वर्षांची. नोकरी गेली की संपलंच. आई रोज रात्री देवाला दिवा लावताना एवढंच मागायची की आजचा दिवस निभला तसा उद्याचा निभू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिचं पालुपद होतं. पण मूठ झाकून धरायची म्हणजे हात सतत आवळलेला ठेवावा लागतो, आणि आईचा सगळा जीवच तसा आवळलेला असायचा. ती कधी निवांत बसलेली मला आठवत नाही. झोपेतही जरा खुट्ट झालं की उठून बसायची आणि बाबा अंथरुणात आहेत ना ते हातानं चाचपायची.

त्या वर्षी शाळेचे हेडमास्तर निवृत्त व्हायचे होते आणि नोकरीच्या वर्षांनी बाबाच पुढे होते. शाळेचे सेक्रेटरी म्हणजे अकोटकडे कापसाचं जिन, म्हणजे सरकी काढायची गिरणी, असलेले मोठे आसामी. तोंडानं फटकळ, पण मनाचे खोटे नव्हते. शाळेच्या एका समारंभात त्यांनी बाजूनं येऊन बाबांशी हात मिळवायला हात पुढे केला. बाबा आपले समोर पाहत सरळ उभे. सेक्रेटरीसाहेबांचा हात तसाच हवेत राहिला, मग त्यांनी तो खिशात घातला. मी पुढच्या रांगेतून हे पाहिलं. त्यानंतर शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली, पंडितजींना, म्हणजे बाबांना, गर्व झाला म्हणून. दुसरं कोणी म्हणालं, गर्व नाही, डोळे गेलेत.

आणि मग सेक्रेटरीसाहेबांचा निरोप आला. “पंडितजी, एक दिवस सालबर्डीले जाऊ. गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करू, जंगलात जनावरं पाहू. बायको-पोरीले संगं घ्या, जीप माझी.”

“परीक्षा पाहून राहिले तुमची,” आई म्हणाली. तिच्या हातातलं पीठ ताटात पडलं. “कुंडाचं निमित्त. जनावरं दिसतात का नाई तेच पाहाचं हाय त्याइले.”

बाबांनी एकदा तब्येतीचं कारण सांगितलं, एकदा पाहुण्यांचं. तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा नाही म्हणणं म्हणजे चोराच्या मनात चांदणं. आणि गंमत सांगू का, बाबांना जायचंच होतं! एका दुपारी मला हळूच म्हणाले, “मी आयुष्यभर मुलांना कालिदासाची हरणं शिकवत आलो गं. डोळ्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. अजून बांगडी आहे तोवर एक दिसलं तर बरं होईल.” हे मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं डोकंच बडवून घेतलं असतं.

शिमगा होऊन गेला होता. पहाटे जीप दारात आली. सेक्रेटरीसाहेब पुढे ड्रायव्हरजवळ, मागे त्यांच्या बायको, त्यांना मी काकू म्हणायचे, आणि आम्ही तिघं. काकू गुडघ्यांनी बेजार, स्वभावानं मात्र लोण्यासारख्या. रोडग्यांचं पीठ, वांगी, गोवऱ्या, तुपाची बरणी, सगळं त्यांनीच घेतलं होतं. आईनं निघायच्या आधी मला दाराआड घेऊन दंडाला चिमटा काढला. “तोंड बंद ठेवशील तर याद राख. दिसन ते बोलाचं. आणि अंधार पडाच्या आत मोर्शी मांगं टाकाची, काय?” मी मान हलवली.

मोर्शी ओलांडली आणि सातपुडा समोर आला. जंगलाच्या तोंडाशी एक नाकेदार जीपमध्ये चढला. जंगलखात्याचा हा माणूस सेक्रेटरीसाहेबांच्या ओळखीचा होता. रस्ता असा की हाडं खिळखिळी व्हावीत. पळस नुसता पेटला होता आणि मोहाची फुलं खाली सडा घालून पडलेली, त्यांचा तो गोड, आंबूस वास सगळीकडे. मी बोलतच होते. “बाबा, वानरं! डाव्या हाताला, झाडावर, पिल्लू पोटाला आहे.” “बाबा, मोर गेला, पळाला पळाला.” बाबा त्या त्या बाजूला मान वळवून “वा!” म्हणत होते. कधी मोर जाऊन बराच वेळ झाल्यावर त्यांचं “वा!” यायचं. तेव्हा आई घाईघाईनं म्हणायची, “अजून दिसून राहिला नाई का शेपटा त्याचा?” शेपटा बिपटा काही नसायचं.

“पोट्टी लय बोलते हो तुमची,” सेक्रेटरीसाहेब मागे वळून म्हणाले.

“आईवर गेली आहे,” बाबा म्हणाले. आईनं त्यांच्या पायावर पाय दिला.

पण एक सांगते, त्या सकाळी बाबांना हरीण दिसलं. नाकेदारानं जीप थांबवायला लावली. समोर, अगदी रस्त्याच्या मधोमध, उन्हात एक चितळ उभं होतं, आमच्याकडे पाहत. मी काही बोलायच्या आत बाबांनी माझा हात धरून दाबला, म्हणजे गप्प राहा. त्यांची मान जराजरा हलत होती. शिंगं पाहिली, मग पाठीवरचे ठिपके, मग पाय, असं एकेक करून त्यांनी ते सगळं चितळ पाहून घेतलं. मग चितळ उडी मारून गेलं. “कसं होतं पंडितजी?” सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं. “कालिदासानं खोटं नाही लिहिलं,” बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. आई मात्र सेक्रेटरीसाहेबांचं तोंड निरखत होती, त्यांना संशय आला की काय म्हणून. तिनं चितळ पाहिलंच नाही.

सालबर्डीला पोचलो तर आईच्या जिवाला नवा घोर. तिथं गरम पाण्याचं कुंड वेगळं आणि गार पाण्याचं वेगळं, पायऱ्या जुन्या, शेवाळलेल्या. पुरुषांनी आधी आंघोळ करायची, बायकांनी नंतर. म्हणजे बाबा आणि सेक्रेटरीसाहेब दोघंच खाली, आणि सांगायला कोणी नाही. आई भिंतीच्या आड काकूंजवळ बसली, पण तिचा जीव टांगणीला. मला पायरीपर्यंत जायची मुभा होती, मी टॉवेल धरून उभी राहिले.

“अगं पोरी,” आई भिंतीआडून ओरडली, “तिथची दुसरी पायरी तुटली हाय! जपून!”

मी कुठं उतरत होते? पण बाबांनी पाय आखडला आणि दुसरी पायरी सोडून तिसरीवर ठेवला.

“आणि शेवाळ हाय भिंतीकडून! मधातून उतराव माणसानं!”

काकू आईकडे पाहतच राहिल्या. “तुमाले इथून कसं दिसते वो बाई?”

“मी आली होती लहानपणी,” आई म्हणाली. ती आयुष्यात कधी सालबर्डीला आली नव्हती. आल्या आल्या आम्ही सामान उतरवत होतो तेवढ्यात ती एकटी जाऊन पायऱ्या पाहून आली होती, हे मला ठाऊक होतं.

कुंडात उतरल्यावर मात्र बाबांचं नशीब उघडलं. पाण्याला तो गंधकाचा वास आणि वर वाफ. सेक्रेटरीसाहेबांच्या चष्म्यावर वाफ बसली, त्यांना धड आपला हात दिसेना. “पंडितजी, हायेत का तुमी तिकडे?” असं विचारायची पाळी त्यांच्यावर आली. वाफेत सगळे सारखेच. बाबा इतके मोकळे झाले की स्नानाचे श्लोक मोठमोठ्यानं म्हणायला लागले. पाण्यातच सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “हेडमास्तरकीचं मनावर घ्या पंडितजी. कमिटीत माझा शब्द चालते. लोकं काही बी सांगतात तुमच्याबद्दल, मी म्हटलं एक दिवस संगं राहून पाहू.” बाबा म्हणाले, “बघू, तुमची इच्छा.” मी टॉवेल टाकून आईकडे पळाले आणि तिच्या कानात सांगितलं. आईनं डोळे मिटले. तिच्या ओठांवर हसू आलं, पण मूठ आणखीच आवळली. आता गमावण्यासारखं जास्त झालं होतं ना.

गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजून झाले, वांग्याची भाजी झाली. आई वाढताना बोलत होती, “तूप रोडग्यावर घातलं, भाजी डाव्या अंगाले हाय, मिरची मोठी हाय वो, पाहून खाजा.” काकूंनी कौतुकानं म्हटलं, “नवऱ्याचं किती करता!” जेवण होऊन ऊन उतरायला लागलं तशी आई चुळबुळायला लागली. अंधार पडायच्या आत निघायचं होतं. तिनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी ठरल्याप्रमाणे पोट धरलं. काकूंनी ताबडतोब ओवा चावायला दिला, वर गरम पाणी पाजलं आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन पोट चोळलं. असल्या मायेपुढे खोटं दुखणं किती वेळ टिकणार? मला खुदकन हसू आलं. आईनं माझ्याकडे जे पाहिलं ना, बापरे!

“पोरगी बरी झाली,” सेक्रेटरीसाहेब उठले. “आता चाला पाण्यावर. दिवस बुडाच्या टायमाले जनावरं पाण्यावर येतात. ते नाई पाहिलं तर आलो कशाले?”

नाकेदार म्हणाला, “पण एक गोष्ट हाय साहेब. पाण्यावर बसलं की एक शब्द नाई बोलाचा. खोकला आला तरी गिळाचा. माणसाचा आवाज आला की जनावर येत नाई.”

मी आईकडे पाहिलं. घरी, रस्त्यावर, देवळात, कुठंही आमचं भागायचं ते बोलण्यावर. न बोलता कसं करायचं हे आम्हाला माहीतच नव्हतं!

काकू गुडघ्यांमुळे जीपमध्येच थांबल्या. बायकांनी थांबावं असंच सगळ्यांना वाटत होतं, पण आई पदर खोचून उभी राहिली. “मले बी याचं हाय.” “तुमी काहून वहिनी? भ्याल तिथं,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले. “मले अस्वल पाहाचं हाय,” आई म्हणाली. बेडूक पाहून किंचाळणारी माझी आई!

सागाच्या पानांचा एक आडोसा केला होता, नाल्याच्या डोहापासून जरा उंचावर. पुढे नाकेदार, त्याच्या बाजूला सेक्रेटरीसाहेब, आडोशाच्या अगदी उजव्या टोकाला बाबा, आणि बाबांच्या मागे आई आणि मी. नाकेदारानं ओठांवर बोट ठेवलं. झालं.

ती शांतता मी अजून विसरले नाही. घरात अशी शांतता कधीच नसायची. पानं वाजायची, लांब मोर ओरडायचा. उजेड कमी कमी होत होता. डोहाचं पाणी आधी तांबूस झालं, मग काळं. मला कळत होतं की बाबांची बांगडी केव्हाच मिटली असेल. उजव्या टोकाला ते मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यांवर, मान किंचित मागे. मला वाटत होतं, ते घाबरले असतील. त्यांचा हात धरावा असं वाटत होतं, पण मध्ये वाळलेली पानं होती, सरकले की वाजली असती. कधी संपतं एकदाचं, असं झालं होतं. डोहावर एक सांबर आलं. सेक्रेटरीसाहेबांनी आनंदानं मागे वळून बाबांकडे पाहिलं, दिसलं का असं विचारल्यासारखं. बाबा समोर पाहत होते. सेक्रेटरीसाहेब जरा वेळ त्यांच्याकडे पाहतच राहिले.

सगळे डोहाकडे पाहत होते. आई पाहत नव्हती. ती पूर्ण वेळ बाबांच्या पाठीकडे पाहत बसली होती, आणि म्हणून तिलाच ते आधी दिसलं.

उजव्या बाजूला मोहाची झाडं होती. त्यांच्या खालून काहीतरी काळं, झिपरं, फुलं हुंगत हुंगत येत होतं. फुसफुस असा आवाज. ते सरळ बाबांच्या दिशेनं येत होतं. आडोसा तिथं संपत होता, बाबा उघड्यावरच म्हणा ना. आईची बोटं माझ्या खांद्यात रुतली. अस्वल थांबलं, मान वर केली, परत पुढे आलं. बाबा हलले नाहीत. तसेच बसून राहिले, देवळात कीर्तन ऐकायला बसावं तसे.

“अवं!” आई ओरडली. सगळं जंगल दणाणलं. “उजव्या हाताले अस्वल हाय! उठा! कोणी धरा वो त्याइले, त्याइले दिसत नाई! माझ्या माणसाले दिसत नाई वो!”

अस्वल हुफ्फ करून दचकलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि वळून झाडीत घुसलं. फांद्या मोडल्याचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. नाकेदार काठी आपटत धावला. डोहावरचं सांबर कधीच पळालं होतं. आई बाबांना मागून मिठी मारून बसली होती, चारचौघांत, परक्या पुरुषांसमोर, डोक्यावरचा पदर पडलेला. असं मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सेक्रेटरीसाहेब बॅटरी घेऊन जवळ आले. त्यांनी बॅटरी बाबांच्या तोंडावर धरली, मग लाज वाटून खाली केली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, मी सांगितलंच. त्यांनी आईला यातून सुटायला वाट करून दिली. म्हणाले, “अंधारात कोणालेच दिसत नाई वहिनी. मले बी नाई दिसलं ते अस्वल.”

आईनं नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, हो म्हण, आई, हो म्हण. बाबांची नोकरी तेवढ्या एका शब्दावर लोंबकळत होती, आणि आईइतकं हे कोणाला ठाऊक होतं? तिनं नाक पुसलं.

“नाई साहेब. याइले उजेडात बी दिसत नाई. लय वर्षं झाली. मी थकली आता.”

मग बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “खरं आहे साहेब. ती कधी खोटं बोलत नाही, माझ्यासाठी बोलावं लागलं तेवढं बोलली.”

परत जाताना सेक्रेटरीसाहेबांनी बाबांचा दंड धरला होता आणि त्यांना पुढे ढकलत नेत होते. बाबांनी तो हात सोडवला आणि आपला हात आईच्या खांद्यावर ठेवला, घरी ठेवायचे तसा. पायवाटेवर बाबा हळू आवाजात तिला म्हणाले, “मला कळलं होतं गं. तुला दिसायच्या आधी वास आला होता मला त्याचा. श्वासही ऐकू येत होता. म्हणूनच हललो नाही. फुलं खाऊन गेलं असतं ते.”

“मंग सांगितलं कावून नाई?”

“बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?”

“वासानं काय होते?” आई भडकली. रडत होती आणि भांडत होती. “वासाले काय दात दिसतात? तुमाले काही झालं असतं तर हेडमास्तरकी काय चुलीत घालाची होती म्या? गेली नोकरी तर गेली. शेण्या थापीन, लोकाच्या घरी पोळ्या लाटीन. तुमी पायजे.”

बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता, तो त्यांनी जरा जास्त घट्ट धरला एवढं मी पाहिलं.

जीप निघाली. मोर्शीच्या अलीकडे सेक्रेटरीसाहेब पुढूनच, मागे न वळता म्हणाले, “पंडितजी, हेडमास्तरकी आता नाई जमत.”

“नाहीच जमत,” बाबा म्हणाले.

“वर्गाचं बी कमिटीपुढं सांगाव लागन मले. मी पाहिलं ते लपवू नाई शकत.”

“सांगा. परीक्षा होईपर्यंत राहू द्या, म्हणजे मुलांचं वर्ष वाया जायचं नाही.”

“तेवढं करतो,” ते म्हणाले. आणि त्यांनी तेवढं केलं. वार्षिक परीक्षा झाली आणि बाबांनी शाळा सोडली. पुढं घरी मुलं यायला लागली, पाठांतराला, वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतून. कधी बरं चाललं, कधी ओढगस्त. पण ते सगळं नंतरचं.

त्या वेळी जीपमध्ये मला एवढंच कळत होतं की ज्याची इतकी वर्षं भीती होती ते होऊन गेलं. आता घरी गेल्यावर काय, उद्या काय, शाळेत मुली काय म्हणतील, असलं सगळं डोक्यात फिरत होतं. मी बाबांना चिकटून बसले होते. बाहेर काळोख, दिव्याच्या झोतात नुसता धुरळा. अमरावतीचे दिवे दिसायला लागले तेव्हा बाबांनी माझ्याकडे वाकून विचारलं, “तुझी आई बोलत का नाही? रडते का?”

मी अंधारात निरखून पाहिलं.

“झोपली आहे बाबा.”

“जीपमध्ये? बसल्या बसल्या?”

“काकूंच्या खांद्यावर डोकं टाकलंय. तोंड उघडं आहे. घोरते आहे थोडी.” मला भयंकर लाज वाटत होती. सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोच्या खांद्यावर! “उठवू का?”

काकूंनी मला हातानंच नको म्हटलं. त्यांनी आपली शाल आईच्या अंगावर ओढली होती. खड्डा आला, जीप उडाली, तरी आई उठली नाही. बाबांना चाचपायला तिचा हातही आला नाही.

बाबा परत सरळ होऊन बसले. मग म्हणाले, “झोपू दे गं तिला. किती वर्षांची जागी आहे ती.”